नाटक पाठवा, आणि ते ऐकायला माणसं एकत्र बसवा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली



हे पत्र म्हैसूरहून लिहिते आहे. आपल्या रेडिओचं नाव मूळचं या गावचं. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरात छोटा ट्रान्समीटर लावून प्रक्षेपण सुरू केलं. त्या केंद्राचं नाव ‘आकाशवाणी’. पदरमोड करून त्यांनी ते चालवलं, पुढे म्हैसूर संस्थानानं ताब्यात घेतलं. देशाच्या रेडिओनं हे नाव स्वीकारायला आणखी काही वर्षं गेली. २०२३ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे इंग्रजी नाव बाजूला ठेवून सगळीकडे ‘आकाशवाणी’च म्हणायचं, असं आपल्याकडूनच ठरलं. नाव घेतलंत, आनंद आहे. त्या नावाच्या गावातून आज एक मागणं मागते आहे.

मागणं आरोग्याबद्दलचं आहे आणि नाटकाबद्दलचंही. म्हैसूर केंद्रावरून, आणि त्याच्या जोडीनं महाराष्ट्रातल्या आदिवासी भागात ऐकू येणाऱ्या केंद्रांवरून, वर्षभर चालणारी श्रुतिकामालिका सुरू करा. आणि ती ऐकण्यासाठी गावोगाव श्रोतामंडळं उभी करा. या दोन्ही गोष्टी एकत्र मागते आहे, कारण एकीशिवाय दुसरी लंगडी पडते. हे माझं मत नाही. ते आपल्याच दप्तरात सत्तर वर्षं पडून आहे, आणि ते सिद्ध झालं मराठी मुलखात. म्हणून हे पत्र मराठीत.

१९५६ च्या सुरुवातीला पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. गावागणिक वीसेक माणसांचं मंडळ, एक रेडिओ संच आणि चर्चा चालवणारा एक जण. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा, असं दहा आठवडे. शेती, आरोग्य, शिक्षण असे विषय होते. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि बोलायचं: हे आपल्या गावात जमेल का, जमणार नसेल तर का नाही. लोकांचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी केली. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळ असलेल्या गावांत माहिती भरभरून वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडी. हा निष्कर्ष इतका स्वच्छ होता की १९५९ पासून ही ग्रामीण श्रोतामंडळं देशभर नेण्यात आली. पुढे ती विरत गेली. संच बिघडले, ते दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही, चर्चा चालवणाऱ्याला कुणी विचारेना. दुरुस्ती आणि प्रवासभत्ता या दोन बाबींत कसर केली आणि एवढी मोठी गोष्ट गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या प्रयोगात भाषणं होती, संवाद होते, श्रुतिकाही होत्या. पण लांबलचक कथेनं काय होतं, ते कळायला आणखी चाळीस वर्षं लागली. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीच्या हिंदी पट्ट्यातल्या केंद्रांवरून ‘तिनका तिनका सुख’ ही १०४ भागांची मालिका झाली. त्यातल्या पूनमचा हुंड्यासाठी छळ होतो आणि शेवटी ती जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावात ही मालिका लोक एकत्र बसून ऐकत होते. पूनमच्या मृत्यूनंतर गावानं एक मोठा कागद घेतला, हुंडा देणार-घेणार नाही असं त्यावर लिहिलं आणि १८४ जणांनी सह्या-अंगठे करून तो आकाशवाणीकडे पाठवला. अभ्यासक अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी याचा पाठपुरावा केला. गावातला हुंडा त्या कागदानं रातोरात थांबला नाही. जुन्या घरांनी पाय मागे ओढले, तेही अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. तरीही ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती, तिच्याबद्दल गाव जाहीरपणे बोललं, आणि बोललं ते एका न पाहिलेल्या मुलीच्या निमित्तानं.

मराठी श्रोत्याला याचं नवल वाटणार नाही. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी ज्यांनी ऐकले, त्यांच्या घरात ती माणसं नात्यातलीच होती. आवाज रोज घरात येतो, तेव्हा त्याचं ऐकलं जातं. या नात्याला वेळ लागतो. पंधरा मिनिटांच्या एकुलत्या एका ‘संदेशपर’ नाटिकेत ते जुळत नाही. आज आरोग्य खात्यासाठी बनणाऱ्या बहुतेक नाटिकांची घडण मला पाठ झाली आहे: सासू चुकीचं बोलते, सून रडते, पाचव्या मिनिटाला डॉक्टर येतात आणि पत्रकात लिहिलेलं म्हणून दाखवतात. सासूचं म्हणणं तरी नीट मांडायला हवं! गावातल्या सासूला कारणं असतात. अनुभवानं आलेली भीती असते, दवाखान्यात झालेला अपमान असतो, बुडणारा रोज असतो. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात दूरचित्रवाणी मालिकांसाठी जी रीत बसवली, तिचा कणा हाच आहे. एक पात्र चांगल्या बाजूचं, एक वाईट बाजूचं, आणि सगळा जीव त्या तिसऱ्यात, जे डळमळतं, चुकतं आणि मग हळूहळू वळतं. श्रोता स्वतःला त्या तिसऱ्यात पाहतो.

आता विषय कोणता, ते सांगते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, नागरहोळे आणि काबिनीच्या काठाला, जेनू कुरुबा, काडू कुरुबा, येरवा, सोलिगा यांच्या वस्त्या आहेत. या वस्तीला इथं हाडी म्हणतात. शेजारच्या निलगिरीतल्या आदिवासींमध्ये १९५२ साली हा आजार भारतात पहिल्यांदा ओळखला गेला. इथल्या हाड्यांत तो आहे, तसाच नंदुरबारच्या पाड्यांत आहे, गडचिरोलीच्या टोल्यांत आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम काढली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट ठरलं आणि निर्मूलनासाठी २०४७ ही मुदत.

तपासणी रक्ताच्या थेंबावर होते, पण पुढची गोष्ट रक्ताची नाही, लग्नाची आहे. वाहक माणसाला, म्हणजे ज्याच्या अंगात दोष आहे पण आजार नाही त्याला, सहसा काहीच त्रास होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल आजारी जन्माला येईल. मग हाडं ठणकणारी ती दुखणी, तापात सुजणारे चिमुकले हातपाय, रक्त कमी, थंडी-पावसात आणि पाणी कमी पडलं की उठणारी कळ. आणि घरात चर्चा काय, तर सुनेला बाधा झाली, कुळाला शाप आहे. तपासणीनंतर मुलीचं सिकलसेल कार्ड मिळालं की आई ते पत्र्याच्या पेटीत तळाशी घालते, कारण ते बाहेर आलं तर मुलगी कोण करून घेणार? मुलाचं कार्ड तर कुणी मागतही नाही. ही गाठ पत्रकानं सुटत नाही. ती सुटते एखाद्या मुलीच्या गोष्टीनं. ती मुलगी बोलणी चालू असताना म्हणते, माझं कार्ड हे, आता तुमचं दाखवा. आणि तिच्या बापाला आधी लाज वाटते, मग राग येतो, आणि तिसाव्या भागात कधीतरी तो स्वतः तपासणीच्या रांगेत उभा राहतो. तीस भाग लागू द्यावेत. त्याआधी बाप वळला तर हाडीतला एकही बाप त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

भाषेचा मुद्दा यातच येतो. प्रमाण कन्नडमधली मालिका जेनू कुरुबांच्या हाडीत परकी वाटेल, जशी पुण्याच्या मराठीतली नंदुरबारच्या पावरा आदिवासींच्या पाड्यात वाटेल. लिहिणारे आणि बोलणारे तिथलेच हवेत. यासाठी सगळं नव्यानं उभारायची गरज नाही. सरगूरला स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं ‘जनध्वनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची ‘तरंग वाहिनी’ आहे. या केंद्रांची पोच जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरची, पण लोकांच्या ओसरीपर्यंत जाणं त्यांना ठाऊक आहे. म्हैसुरात नटांचीही वाण नाही. १९८९ साली ब. व. कारंतांनी उभं केलेलं ‘रंगायण’ इथंच आहे. आपल्याकडे मोठे ट्रान्समीटर आहेत, स्टुडिओ आहेत, संग्रह आहे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं काम आपल्याशिवाय कुणी करू शकत नाही.

एक बारीक गोष्ट मुद्दाम लिहिते. रेडिओ आता मोबाइलवर आला म्हणून श्रोते वाढले, असं आपल्याला सांगितलं जाईल. बऱ्याच फोनांवरचं एफएम इअरफोनची वायर लावल्याशिवाय लागत नाही, आणि इअरफोन लावला की माणूस एकटा ऐकतो. त्या मुलीची गोष्ट आई एका कोपऱ्यात ऐकते, बाप दुसऱ्या कोपऱ्यात काहीच ऐकत नाही. म्हणून प्रत्येक हाडीत मोठ्या आवाजाचा संच हवा, तो आशाताईंच्या किंवा अंगणवाडीताईंच्या ताब्यात असावा, आणि भाग संपल्यावर अर्धा तास चर्चा चालवण्याबद्दल त्यांना मानधन मिळावं. हे काम त्यांच्या नेहमीच्या ओझ्यावर फुकट लादू नये.

आणि दवाखाना. बुर्किना फासोत २०१२ ते २०१५ या काळात बालआरोग्यावर रेडिओची मोठी मोहीम झाली आणि तिची काटेकोर चाचणी घेतली गेली. मुलांना दवाखान्यात आणण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं, पण बालमृत्यू घटल्याचं त्या पाहणीत दिसलं नाही. यातून मी एवढंच घेते की रेडिओ माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो, पुढचं काम दवाखान्याचं आहे. मालिकेत तपासणीचा दिवस सांगितला तर त्या दिवशी तिथं तंत्रज्ञ असलाच पाहिजे, आणि या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्याही. नाटकावर विश्वास ठेवून डोंगर उतरलेली बाई रिकाम्या हातानं परत गेली तर ती पुन्हा रेडिओही ऐकणार नाही. तेव्हा दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांशी आधी लेखी करार करा, मग पहिला भाग ध्वनिमुद्रित करा.

माझी मागणी मोजकी आहे. हेग्गडदेवनकोटे आणि नंदुरबार या दोन ठिकाणी, प्रत्येकी पन्नास वस्त्यांत, एक वर्ष. आठवड्याला दोन भाग, स्थानिक बोलीत. मंडळ असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांची नॉयराथ यांनी केली तशी तुलना, आणि तिचा अहवाल मराठीत आणि कन्नडमध्ये सर्वांसाठी खुला. येत्या १० सप्टेंबरला म्हैसूर केंद्रातून याची घोषणा करावी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपली,
म्हैसूरची एक मराठी श्रोता