बार्बेक्यू घ्यावा तो पावसाळा आठवून

बार्बेक्यू आपल्याकडे घेतला जातो डिसेंबरात. तो टिकणार की नाही, हे मात्र जुलैत ठरतं.

थंडी पडली, गच्ची मोकळी असली की घरोघरी हा विषय निघतो. दुकानात गेलं की लोक आकार बघतात, रंग बघतात, सोबत किती शिगा मिळतात ते मोजतात. पाऊस कुणाच्या डोक्यात नसतो. माझ्याही नव्हता. सात वर्षांपूर्वी मी एक घडीचा, पातळ पत्र्याचा बार्बेक्यू आणला. त्या हिवाळ्यात तो चार वेळा पेटवला. शेवटच्या वेळी राख तशीच ठेवून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात ठेवून दिला. सप्टेंबरात उचलायला गेले तर कडा हातात आल्या आणि तळ फरशीवरच राहिला.

तेव्हा मी पत्र्याला दोष दिला. पत्रा हलका होताच, पण त्याला खाल्लं राखेनं. लाकडी कोळशाच्या राखेत क्षार असतात. याच क्षारांमुळे आपल्या आज्या राखेनं भांडी घासायच्या, कारण तेलकटपणा त्यानं सुटतो. कोरडी राख पत्र्याला फारसं काही करत नाही. पण ती हवेतला ओलावा ओढून घेते, आणि ओली राख महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहिली की आधी रंग जातो, मग लोखंड. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली तर आतला दमटपणा बाहेरच पडत नाही. झाकलं म्हणजे जपलं, ही समजूत पावसाळ्यात उलटी पडते.

म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न असतो, राख काढायची सोय काय? खाली ओढून काढता येणारा ट्रे किंवा राखेचं भांडं हवं. ते नसेल तर बाकी कितीही चांगलं असो, घेऊ नये. मग पत्रा. साध्या लोखंडी पत्र्याचा असेल तर सोळा गेजपेक्षा पातळ नको. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे दुकानात उभं असताना उलटसुलट होतं, म्हणून लक्षात ठेवावं. इनॅमलचा मुलामा असलेला पत्रा पातळ असला तरी चालतो, कारण तो मुलामा भट्टीत भाजून बसवलेला असतो आणि गंज धरत नाही. फक्त त्याला आपटू द्यायचं नाही, आणि तापलेला असताना त्यावर थंड पाणी ओतायचं नाही. टवका उडाला की गंज तिथूनच आत शिरतो. स्टेनलेसमध्ये ३०४ मागावं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण २०२ या स्वस्त जातीलाही चुंबक धड चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नये. बिलावर जात लिहून घ्यावी. अलिबाग, रत्नागिरी, मालवणसारख्या ठिकाणी समुद्रासमोर घर असेल तर ३०४ वरही खाऱ्या हवेचे तांबूस डाग पडतात. तिथे अधूनमधून गोड्या पाण्यानं पुसून घेणं हाच उपाय.

दुसरा प्रश्न झाकणाचा. उघड्या शेगडीवर पनीर, कणसं, शिगेवरचे तुकडे होतात. अख्खी कोंबडी किंवा जाड सुरमई मात्र बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. झाकण लावलं की गरम हवा पदार्थाच्या चहूबाजूंनी फिरते. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन वाऱ्यापावसानं उघड्या शेगडीचा विचका होतो म्हणून वैतागले होते. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. त्यांनी एका बोयाचा अर्धगोल घेतला, त्याला पाय लावले, वर झाकण दिलं आणि हवेला भोकं पाडली. आज जगभर दिसणारा गोल, किटलीसारखा बार्बेक्यू तो हाच.

रायगडच्या माणसाला यात नवल वाटू नये. पोपटीचं मडकं वेगळं काय करतं? वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, तोंडाशी पाला दाबून मडकं उपडं, आणि भोवती जाळ. आत पाण्याचा थेंब नसतो. शेंगा आपल्याच वाफेवर आणि चहूबाजूंच्या उष्णतेवर शिजतात. हुरड्याची आगटी दुसऱ्या पद्धतीची, तिथे कणसं थेट गोवऱ्यांच्या निखाऱ्यात जातात. घरच्या बार्बेक्यूकडून मला ही दोन्ही कामं हवी असतात. त्यासाठी झाकण हवं, आणि झाकणाला व तळाला उघडझाप होणाऱ्या झडपा हव्यात. कोळसे एका बाजूला लोटायचे. आधी त्यांच्यावर पदार्थाला रंग आणायचा, मग तो दुसऱ्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. खालची झडप उघडली की आच वाढते, मिटली की उतरते. शिजत आल्यावर कोंबडीच्या सगळ्यात जाड भागात काटा-थर्मामीटर खुपसावा आणि ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावरच उतरवावी. आकार म्हणाल तर चार-पाच माणसांना ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाची जाळी पुरते. मोठा घेतला की कोळसा जास्त लागतो, ठेवायला जागा लागते, आणि जागा नसली की तो पावसात राहतो.

जाळीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. मूळची जाळी खराब झाली की अनेक जण हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीची जीआय जाळी कापून आणतात. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फुललेले निखारे त्याहून कितीतरी तापलेले असतात. ती जाळी अन्नाखाली कधीही घालू नका. बिडाची किंवा स्टेनलेसची घ्या. बिडाची जाळी तव्यासारखीच वागवायची. तव्याला तेल मुरवतो, तसंच हिलाही मुरवायचं.

इंधनात माझा कौल कोळशाला आहे. गॅसचा बार्बेक्यू सोयीचा असतो, हे खरं. पण तो घेताना आपल्या सिलिंडरच्या दाबाला आणि रेग्युलेटरला तो जुळतो का हे विचारा, कारण परदेशी बनावटीचे काही जुळत नाहीत. कोळसा बाभळीचा असला तर उत्तम. करवंटीचा मिळाला तर आणखी बरा, बराच वेळ टिकतो आणि ठिणग्या कमी उडतात. पोतं उचलताना मला नेहमी आठवतं की कोकणातले कातकरी पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबले आहेत. उचल घेऊन घरदार सोडायचं, मुलांची शाळा तुटायची आणि हिशेब फिटायचा नाही. हा कोळसा कुठून आला, हे दुकानदाराला विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

पेटवायला रॉकेल नको, वास अन्नात उतरतो. नारळाची शेंडी आणि कापराच्या दोन वड्या पुरतात. कोळशावर पांढऱ्या राखेचा पापुद्रा धरेपर्यंत वर काही ठेवायचं नाही. गच्चीवर थेट फरशीवर मांडू नका, खाली विटांचा थर द्या. वॉटरप्रूफिंग उष्णतेनं तडकलं तर खालच्या घरात पाणी गळतं.

आणि पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी घरात आणू नका. काचा लावलेल्या गॅलरीतही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं, आणि झोप यावी तशी शुद्ध जाते. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पाऊस आला तर झाकण लावा, झडपा मिटा, विझू द्या. जेवण गॅसवर होईल.

झडपा मिटून विझवलं की उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. जाळी गरम असतानाच घासायची, पण तारेच्या ब्रशनं नाही. त्याची तार तुटून जाळीला चिकटते, तिथून घासात जाते, आणि ती घशात किंवा आतड्यात रुतल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. अर्धा कांदा काट्याला टोचून घासा, किंवा नारळाच्या काथ्याचा कुंचा वापरा. राख दुसऱ्या दिवशी काढायची आणि झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायची. राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत राहू शकतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पूर्ण दुपार याला देते. राखेचा कण न् कण झाडायचा, साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं, जाळीला आणि सांध्यांना तेलाचा हात फिरवायचा. मग बारदानात गुंडाळून घरात, भिंतीपासून जरा दूर. बारदानातून हवा खेळते. गॅसचा असेल तर बर्नरच्या नळ्यांची तोंडं कापडानं बांधा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, आणि नळी तुंबलेली असताना पेटवलं तर ज्योत भलतीकडून बाहेर येते. पुन्हा पेटवण्याआधी ते कापड काढून नळी आरपार बघून घ्यायची.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुसून मांडतो, त्यात आता हाही असतो. बारदान सोडून आधी तळावर बोट फिरवते. मग रिकामाच एकदा पेटवते, जुनं तेल जळून जातं. त्याच निखाऱ्यांवर पहिलं वांगं, भरतासाठी.