पाहिलेले आणि पाहणारे

ऑगस्ट २०२५ मध्ये ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे गेले. त्यानंतरच्या रविवारी मुलुंडला आईकडे गेले होते, तेव्हा साहजिकच ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’चा विषय निघाला. मोबाइलवर शोधल्यावर त्या मालिकेतला एक जुना तुकडा सापडला. चित्र कृष्णधवल, मधूनमधून मुंग्या आलेल्या, आवाज खोल विहिरीतून यावा तसा. आईने तो चष्मा सावरत शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत देताना म्हणाली, “आजी किती हसायच्या गं!” मला क्षणभर काही उमगेना. तुकड्यातल्या कोणाविषयीच ती बोलत नव्हती. ती बोलत होती पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या सासूबाईंविषयी, ज्यांना हसता हसता ठसका लागे आणि मग कोणीतरी पाणी आणायला उठे.

मी विचारले, “पण त्या भागात झालं काय होतं?” आई म्हणाली, “ते कुठलं आठवायला?”

या उत्तराने मला विचारात पाडले. आपण जुन्या दूरदर्शनविषयी बोलतो तेव्हा नेमके कशाविषयी बोलत असतो? मालिकांविषयी बोलतो असा आपला समज असतो. मला वाटते, बहुतेक वेळा आपण त्या खोलीविषयी बोलत असतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढली काही वर्षे उपनगरांतल्या मध्यमवर्गीय इमारतींत एखाद-दुसराच संच असे. आमच्या इमारतीतला संच काकूंकडे होता: लाकडी खोके, सरकती दारे, वर भरतकामाचे आच्छादन. तो बाळगायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. गच्चीवरच्या अँटेनावर कावळा बसला की चित्र हले. मग एकाने वर जायचे, एकाने जिन्यात उभे राहायचे, एकाने संचासमोर, आणि “आलं का?”, “आलं, आलं... गेलं!” असा पुकारा तिन्ही मजले ऐकत. शनिवारचा मराठी चित्रपट, ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘आमची माती आमची माणसं’ हे सारे आम्ही त्याच खोलीत पाहिले. शेतीशी आमचा संबंध भाजी आणण्यापुरता. तरी कीटकनाशकांवरची चर्चाही आम्ही तल्लीन होऊन ऐकत असू. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून साहित्यिक दिसत. लेखक हा पुस्तकाच्या मलपृष्ठावरून उतरून बोलणारा, मध्येच अडखळणारा माणूस असतो, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना तिथे प्रथम कळले.

‘चिमणराव’ आला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) हे बडोद्यात पालीचे अध्यापन करणारे विद्वान. पण मराठी वाचकाने त्यांना ओळखले ते चिमणरावांमुळे. या कथांचे मर्म त्यांच्या निवेदनात आहे. चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतात आणि ती फजिती आहे हे त्यांना पुरते उमगलेले नसते. वाचक त्यांच्या पुढे एक पाऊल असतो, आणि विनोद त्या एका पावलात असतो. पडद्यावर हा ‘मी’ नाहीसा होतो. तिथे चिमणराव सांगत नाहीत. ते फक्त दिसतात. निवेदनातला भाबडेपणा मग सगळा चेहऱ्यावर आणावा लागतो. दिलीप प्रभावळकरांनी तो आणला, आणि बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊने शेजारी उभे राहून त्याला वजन दिले. आज वर्गात चिं. वि. शिकवताना मला पुस्तकातला चिमणराव त्या चेहऱ्यावाचून दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी मालिका पाहिलेली नाही, म्हणून त्यांचा चिमणराव वेगळा आहे, आणि कदाचित जोश्यांच्या चिमणरावाला तो अधिक जवळचा असेल.

हे मान्य केल्यावर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. जुने तुकडे आज पाहिले तर नेपथ्य तुटपुंजे वाटते, हालचाली नाटकी, गती फार संथ. “तेव्हाचे कार्यक्रम किती दर्जेदार!” असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते अलीकडे सलग पाहिले आहेत? मी काही पाहिले. काही खरेच उत्तम आहेत, काही सामान्य आहेत. सामान्य कार्यक्रमही स्मृतीत उत्तम होऊन बसले, कारण ते एकट्याने पाहिलेले नव्हते.

बरे, सगळे सलग पाहावेत म्हटले तरी ते शक्य नाही. त्या काळी चित्रफिती महाग होत्या. प्रसारण झाले की तीच फीत पुसून पुन्हा वापरली जाई. ‘चिमणराव’चे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. हे केवळ आपल्याकडेच झाले असेही नाही. बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’ या तिथल्या लोकप्रिय मालिकेचे अनेक जुने भाग चित्ररूपाने उरलेले नाहीत. पण त्यांचा ध्वनी मात्र उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. संस्थेने पुसले ते प्रेक्षकांनी राखले. आपल्याकडे अशी ध्वनिमुद्रणे फारशी झाली नसावीत. आपल्यापाशी आहेत त्या गप्पा. त्या आजींचा ठसका लक्षात ठेवतात आणि कथानक विसरतात, म्हणून आपण त्यांना पुरावा मानत नाही. मला वाटते, इथे आपले चुकते. चित्रफितीवर काय दाखवले गेले ते राहते. ते कोणी, कुठे बसून, कसे पाहिले हे तिच्यावर नसते. वाचककेंद्री समीक्षा शिकवताना आपण ‘वाचक’ नावाच्या एका अमूर्त व्यक्तीबद्दल तासभर बोलतो. इथे खरीखुरी माणसे आहेत, आणि ती ऐंशीच्या घरात पोचली आहेत.

गप्पा भाबड्या असतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्याचे उत्तरही मला त्याच दुपारी, गप्पांतच मिळाले. मी सवयीने म्हणाले, “सगळी बिल्डिंग कशी एकत्र बसायची तेव्हा!” हे वाक्य मी वर्गातही अनेकदा म्हटलेले आहे. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सगळी कुठे? ती दारात उभी असायची.”

ती म्हणजे काकूंकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी. माझ्याच वयाची. आईने सांगितल्यावर ती मला लख्ख आठवली: एका हाताने दाराची चौकट धरलेली, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. घरचे पुरुष खुर्च्यांवर, बायका पलंगावर आणि भिंतीला टेकून, आम्ही मुले पुढे जमिनीवर, आणि ती दारात. जमिनीवर जागा नव्हती असे नाही. मी आईला विचारले, “तिला आत का नाही बसवलं?” आई म्हणाली, “बस म्हणून कोणी म्हटलंच नाही. मीसुद्धा नाही.”

चाळीसहून अधिक वर्षे माझ्या आठवणीतल्या त्या खोलीला दार नव्हते. आता आहे. चिमणरावाच्या फजितीला आम्ही हसलो तशी तीही हसली असेल. पण पांढरपेशा घरातल्या त्या लटपटीकडे ती कोणत्या नजरेने पाहत होती, हे मला सांगता येत नाही. वाचक निवेदकाच्या एक पाऊल पुढे असतो असे मी वर म्हटले. उंबऱ्यावर उभी असलेली ती मुलगी आमच्या सगळ्यांच्याच एक पाऊल पुढे असेल, अशी शक्यता मला आता वाटू लागली आहे.

या साऱ्याची एक परीक्षा २०२० साली झाली. ‘रामायण’ प्रथम प्रसारित झाले १९८७-८८ मध्ये. तोवर आमच्या इमारतीत घरोघर संच आले होते आणि काकूंकडे जाणे थांबले होते. तरी रविवारी सकाळी जिना चढताना एकही संवाद चुकत नसे, कारण दारे उघडी असत. टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवली, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. तेच रामसीता, तेच संगीत. १९८७ मध्ये मालिकेमुळे रस्ते ओस पडत. या वेळी ते आधीच ओस होते. मी बोरिवलीत, आई मुलुंडला. भाग संपला की तिचा फोन येई. वनवासाविषयी आम्ही दोन मिनिटे बोलत असू आणि उरलेला अर्धा तास शेजाऱ्यांविषयी: कोण कुठे गेले, कोण राहिले नाही, कोणाचे दार अजून आपण ओळखू शकू. कार्यक्रम जसाच्या तसा परत आला होता. खोली आली नव्हती, आणि तिच्यावाचून तो कार्यक्रम आम्हा दोघींना अर्ध्यावर सोडून द्यावासा वाटला.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की साहित्याच्या विद्यार्थ्यांनी माध्यमांतरावर प्रबंध लिहिताना मूळ कथा आणि पटकथा शेजारी ठेवून थांबू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे: कोणाच्या घरी पाहिले? कोण कुठे बसे? कोण आत येत नसे? हा शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण त्याचे उत्तर कोणी आपणहून देत नाही.

आमची इमारत आता पुनर्विकासाला जाणार आहे. काकूंची खोली काही वर्षे बंदच आहे. त्या बाई आणि त्यांची मुलगी पुढे कुठे राहायला गेल्या, हे आईला ठाऊक नाही, मलाही नाही. आई म्हणते, तिचे नावसुद्धा आठवत नाही. आजींचे, काकूंचे, अँटेना फिरवणाऱ्या मुलांचे, सगळ्यांचे आठवते. वर्गात ते ‘सगळी बिल्डिंग’चे वाक्य म्हणणे मी तेवढे सोडून दिले आहे.