पहिल्या भासापासून पहिल्या गोळीपर्यंत

आज २४ मे, जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. ठिकठिकाणी व्याख्याने होतील, एखाद्या सभागृहात ‘देवराई’ पुन्हा दाखवला जाईल. ते व्हायलाच हवे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष पाहून अनेकांना आपल्याच घरातले कोडे उलगडले. पण ज्या घराला या माहितीची आज सर्वात जास्त निकड आहे, ते सभागृहात येणार नाही. आपल्याकडे आजारपण आले आहे, हेच त्या घराला अजून उमगलेले नाही.

तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा कॉलेजला जायचा थांबला आहे. रात्रभर जागतो, दिवसा पडून असतो. खोलीच्या खिडकीला त्याने वर्तमानपत्र चिकटवले आहे, कारण समोरच्या गच्चीवरून आपल्यावर पाळत ठेवली जाते याची त्याला खात्री आहे. आईने वाढलेल्या ताटातला पहिला घास तो तिलाच खायला लावतो. मध्येच मान तिरकी करून काही ऐकतो, पुटपुटतो. त्याला ऐकू येणारे आवाज शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी तितके खरे असतात. म्हणून ‘असं काही नाहीये रे’ ही समजूत तिथे चालत नाही. उलट सांगणाराही कटात सामील ठरतो. वडील म्हणतात, अभ्यासाचे टेन्शन. मामा म्हणतो, मोबाइल काढून घ्या. आजीला वाटते, बाहेरचे काहीतरी आहे. प्रत्येकाच्या मनात माया आहे, आणि महिने निघून जात आहेत.

आवाज आणि संशय निदान डोळ्यांवर तरी येतात. आजाराची दुसरी बाजू चटकन ओळखूच येत नाही. बोलणे ‘हो’, ‘नाही’वर येते, अंघोळ टळते, मित्रांचे फोन उचलले जात नाहीत, चेहऱ्यावर आनंद दिसत नाही की राग. घरच्यांना तो आळस वाटतो आणि ‘सगळं आयतं मिळतंय ना’ असे टोमणे सुरू होतात. वास्तविक हाही आजारच. औषधांनी भास आणि संशय बऱ्याच जणांचे आटोक्यात येतात. हे मंदावलेपण मात्र सावकाश आणि थोडेथोडेच हटते. गोळ्या सुरू झाल्यावरही माणूस उठून कामाला लागत नाही, याचा राग घराने त्याच्यावर काढू नये, इतके तरी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावून सांगायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर ३०० माणसांमागे साधारण एकाला हा आजार असतो. तो बहुधा विशी-पंचविशीत डोके वर काढतो, म्हणजे पदवी, नोकरी, लग्न या सगळ्याच्या तोंडावर. विनाउपचार काळ जितका लांबतो तितके माणसाचे सावरणे अवघड होते, हे मानसोपचारातले वारंवार पडताळलेले निरीक्षण आहे. आपल्याकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक उपचारांबाहेर आढळले होते.

या वाया जाणाऱ्या काळातला सर्वात घातक सल्ला म्हणजे ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’. मुलाचे असो की मुलीचे, आजार लपवून लावलेले लग्न दोन घरे उद्ध्वस्त करते. नव्या घरात लपवाछपवीसाठी आधी गोळ्या बंद होतात, मग आजार उलटतो आणि मुलगी असेल तर माहेरी परत पाठवली जाते. हिंदू विवाह कायद्याच्या घटस्फोटाच्या कलमात या आजाराचा नावानिशी उल्लेख आहे. तरीही नुसते निदान घटस्फोटाला पुरत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले. २०१३ च्या एका निकालात पत्नीला हा आजार आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या पतीची मागणी न्यायालयाने नाकारली. ती पत्नी स्वतः डॉक्टर होती, पदव्युत्तर शिक्षण घेऊन सरकारी नोकरी करत होती. निदान झाले की आयुष्य संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने हा निकाल वाचावा. सांगून, समजून केलेल्या लग्नाला आमचा विरोध नाही.

देवऋषाकडे जाणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो गावातच असतो, ऐकून घेतो, तारीख देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे जायचे तर दोघांची मजुरी बुडते आणि येतोच म्हणेल असा रुग्णही नसतो. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आणि दोरखंड आले, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर सरसकट बंदी घातली.

साखळी सुटली, पण औषध पोचले का? येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या भरवशावर एवढे मोठे राज्य चालणार नाही. वाट आपल्याच भागात आखली गेली आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते डॉक्टरी उपचारांच्या जोडीने रुग्णांच्या घरी जात होते. गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, बाजारात जाऊन आलास का, एवढ्यापासून सुरुवात. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणे आणि परावलंबन दोन्ही अधिक कमी झाले. फरक माफक होता, पण ज्या आई-बापांनी मुलाला वर्षानुवर्षे उंबरठ्याबाहेर पडताना पाहिले नाही, त्यांना माफकाची किंमत विचारा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या आजाराच्या नेहमीच्या गोळ्या आणि महिन्याकाठी घ्यायचे इंजेक्शन तालुक्याच्या रुग्णालयात बारमाही मिळावे. साठा संपला म्हणून कुणाला परत पाठवू नये, कारण खंड पडला की आजार उलटण्याचा धोका वाढतो. आशाताईंना पहिली लक्षणे ओळखायला शिकवावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक शाळा-कॉलेजच्या फलकांवर ठळक लिहावा. आणि शुभंकरांच्या, म्हणजे सांभाळणाऱ्यांच्या, बैठकीत हमखास निघणाऱ्या प्रश्नाला सरकारने सामोरे जावे: ‘आमच्या माघारी याचं काय?’ २०१७ च्या कायद्याने त्यासाठी आधारगृहे आणि पुनर्वसनाच्या सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवरच टाकली आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या येत्या वार्षिक आराखड्यात त्यासाठी किती रक्कम धरली आहे, हे पालकमंत्र्यांनी जाहीर करावे.