बस खालून मरते

१५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे निघालेल्या लाल डबलडेकरला मुंबईने सजवून निरोप दिला. १९३७ पासून शहरात धावणारी जुनी बंद छताची दुमजली बस त्या दिवशी रस्त्यावरून गेली. अशा बस जपून ठेवाव्यात ही मागणी योग्यच आहे. पण जपणे म्हणजे आवारात एक जागा आणि पत्र्यावर लाल रंगाचा नवा हात, एवढेच आपण धरून चालतो. उघड्यावर उभ्या असलेल्या बसचे आयुष्य रंगावर ठरत नाही. ते ठरते चासीखालच्या दीड-दोन फुटांच्या अंधारात, जिथे पाहायला कोणी वाकत नाही.

शिवाय जपलेली बस उभीच राहणार आहे. १ एप्रिल २०२३ पासून परिवहन उपक्रमांच्या बससह १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते. २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज वाहनांचे नियम ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि खासगी मोटारींपुरते आहेत. बसला त्यांत जागा नाही. आणि लोखंडासाठी धावण्यापेक्षा उभे राहणे जास्त घातक. धावत्या बसचा तळ इंजिनच्या उष्णतेने आणि वाऱ्याने सुकत राहतो. डेपोत तिला पाणी मारले जाते, ग्रीस भरले जाते. उभ्या बसच्या नशिबी यातले काहीच नाही. चाकांमागे, चासीच्या कोपऱ्यांत, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये अडकलेला चिखल पावसाळाभर ओल धरून बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की गंजाचा वेग वाढतो, आणि मुंबईत तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात खारा वारा. मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि ओल्या लोखंडावर गंजाची क्रिया भराभर पुढे नेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रिव्हेटने जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये तो शिरला की त्यांना आतून उचकटतो. बाहेरचा रंग तेव्हाही चकचकीत असू शकतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ताडपत्री. ती वरचा पाऊस अडवते, पण जमिनीपर्यंत गुंडाळली तर खालून येणारी वाफ आतच कोंडते. भिंती नसलेली साधी पत्र्याची शेड तिच्याहून कितीतरी बरी. दुसरा लाडका उपाय डांबरासारख्या जाड लेपाचा. स्वच्छ, कोरड्या लोखंडावर तो काम करतो हे खरे. पण गंजावरच फासला, किंवा काही वर्षांनी त्याला भेग गेली, तर पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून सगळे काळेभोर नि आत पोखरलेले, ही सगळ्यात फसवी अवस्था. त्यापेक्षा गंज घासून काढून जस्ताचा प्रायमर द्यावा आणि पोकळ भागांत मेणाचा किंवा लॅनोलिनचा लेप फवारावा. हा लेप मऊ राहतो, फटीत झिरपतो. दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो हा त्याचा दोष म्हणता येईल. मला तो गुण वाटतो, कारण त्या निमित्ताने कोणीतरी बसखाली शिरते.

प्रवासी तासन्‌तास थांब्यावर ताटकळत असताना मोडीतल्या बसवर पैसा का, हा आक्षेप हलका नाही. नव्या बससाठीचा पैसा इकडे वळवा, असे मी म्हणणारही नाही. पण इथे लागते ते बहुतेक डेपोत असतेच: खाली उतरायचा खड्डा, पाण्याचा जोरदार पाइप, ग्रीस आणि जाणते हात. मातीऐवजी उताराचा काँक्रीटचा ओटा, चासीखाली भक्कम टेकू, उपसलेले गवत, मोकळी केलेली निचऱ्याची भोके, हवेच्या टाकीतून काढून टाकलेले पाणी आणि गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवलेला तळ, एवढे मे महिन्यात झाले तरी पुष्कळ. चासीच गेली की मात्र वेल्डिंगवर भागत नाही. मग उरते ती बसच्या आकाराची नवी वस्तू.

जपलेल्या बसशेजारच्या फलकावर तिचे वर्ष आणि मार्ग लिहितात. तळाची तपासणी शेवटची कधी झाली, ती तारीखही तिथेच लिहावी, म्हणजे पाहायला येणारा माणूस ती विचारू शकेल.