दहा शाळांना एक, पण शिकलेला

मालवण तालुक्यातल्या तारकर्ली, देवबाग, वायरी या भागातल्या शाळांना समुपदेशक हवा, असं म्हटलं की तीन उत्तरं ठरलेली असतात. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, मग अडलंय कुठे? आमचे गुरुजी मुलांना घरापासून ओळखतात, त्यांच्यापेक्षा मोठा समुपदेशक कोण? आणि शाळेचा पट तो केवढा, त्यासाठी एम.ए. झालेला माणूस परवडणार कोणाला? उत्तरं प्रामाणिक आहेत, म्हणूनच ती नीट तपासायला हवीत.

पहिलं निकालाचं. 2012 साली कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं, तेव्हापासून ते पहिला नंबर सोडायला तयार नाही. 2025 च्या दहावीत 98.82 टक्के. अभिमान रास्तच आहे. पण निकाल सांगतो तो मूल पास झाल्याचं. पुढे ते काय करणार, याचं उत्तर त्यात नसतं. तारकर्लीच्या पोरासमोर हंगामात बोटीवर मिळणारा रोख पैसा असतो, मागे घरच्या होमस्टेचं काम असतं आणि मुंबईहून काकाचा फोन असतो. यातलं काय निवडावं, हे टक्केवारी ठरवत नाही. सरकारने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. तिचा अहवाल मुलाच्या हातात पडला. तो मुलासमोर आणि बापासमोर बसून उलगडून सांगणारा माणूस मात्र बहुतेक शाळांत नव्हताच.

दुसरं गुरुजींचं. ओळख ही त्यांची ताकद खरीच, पण अडचणही तीच आहे. जे गुण देतात, ज्यांची वडिलांशी रोज बाजारात गाठ पडते, त्यांच्यापाशी मूल घरातली गोष्ट बोलेल कसं? रोज सकाळी 'पोटात दुखता' म्हणणाऱ्या मुलाला शाळेचा कंटाळा आहे, अक्षरं वाचताना त्रास होतोय, की कोणाची भीती बसली आहे, हे नुसत्या मायेने ओळखता येत नाही. जीव नकोसा झाल्याचं मुलगी बोलली, तर आत्महत्येबद्दल तिला थेट विचारावं लागतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे शिकलेल्याला ठाऊक असतं. न शिकलेला घाबरून विषय बदलतो. त्याहून गंभीर बाब कायद्याची. मायाळू माणूस मुलाला पहिलं वचन देतो, 'कोणाला सांगणार नाही.' लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ते वचन पाळणं हा गुन्हा ठरतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार माहिती मिळताच पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुप्ततेची हद्द कुठे संपते आणि ते मुलाला आधी कसं सांगायचं, हा या शिक्षणातला पहिला धडा असतो.

यावर एक बिनतोड वाटणारा सवाल येतो: प्रमाणपत्र म्हणजे कागदच ना? चार रविवारांत 'प्रमाणित समुपदेशक' करून देणारे वर्ग पाहिले की हा सवाल खोटा म्हणवत नाही. शालेय समुपदेशकासाठी स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही, त्याचा हा परिणाम. पण त्यावर उपाय कागद फेकून देणं हा नव्हे. तारकर्लीत स्कुबाचं प्रमाणपत्र वर्गात बसून मिळत नाही. प्रशिक्षकाच्या नजरेखाली पाण्यात उतरावं लागतं, म्हणून त्या कागदाला किंमत. समुपदेशनाचंही तसंच हवं. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम याच धर्तीवर आहे: सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने शाळेत उमेदवारी. शिक्षकांनाही त्याला प्रवेश मिळतो. म्हणजे समुपदेशक होऊ पाहणाऱ्या गुरुजींची वाट कोणी अडवलेली नाही. त्यांनी शिकून यावं आणि ज्या मुलांना गुण देतात त्यांचं समुपदेशन दुसऱ्यावर सोपवावं, एवढंच म्हणणं आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. तो कोठारी आयोगाने 1964-66 मध्येच सोडवून ठेवला आहे: प्रत्येक शाळेला जमत नसेल तर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक द्या, साधी कामं शिक्षकांनी करावीत. आपल्याकडे शाळांची केंद्रं आहेत, केंद्रप्रमुख आहेत. फिरायला चौकट तयार आहे. शेजारच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक दिले जातात. इकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक दिले, समुपदेशक दिला नाही. ती उणीव सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात भरून काढली आहे: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. तेव्हा पट लहान असणं ही आता सबब राहिली नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर जरूर लावा, पण फोन शाळेत येऊन बसत नाही.

मग हवं काय? मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर एनसीईआरटीची पदविका. त्यावर एक वर्ष अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली शाळेत काम, तेही मराठीत आणि मालवणीत, कारण मूल रडतं ते घरच्या बोलीत. आणि राज्याची एक जाहीर नोंदवही, जिच्यात नाव नसलेल्याला शाळेने दारात घेऊ नये. मुंबई इथून पाचशे किलोमीटर आहे. तिथे शिकून इकडे परतणारे आपोआप मिळणार नाहीत. म्हणून जिल्हा परिषदेने इथल्याच पदवीधर मुलामुलींना शिष्यवृत्ती द्यावी आणि शिकून आल्यावर काही वर्षं सिंधुदुर्गातच काम करण्याची अट घालावी.

मालवण तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या बैठकीत हा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा. ठरावात 'समुपदेशक' एवढंच लिहू नका. त्याची पात्रता आणि देखरेखीखालच्या कामाची अटही लिहा. नाहीतर पद भरलं जाईल आणि मुलं होती तिथेच राहतील.