एका कात्रीची दोन कामे

मालेगावी राहणाऱ्या आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी गेल्या दिवाळीच्या सुमारास एक जाड लिफाफा आमच्याकडे धाडला. आत बारा छायाचित्रे होती. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी ती पावसाळ्यात गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठी हिंडून काढली होती, आणि प्रत्येक चित्राखाली बालकवींची किंवा बहिणाबाईंची एकेक ओळ सुरेख वळणाच्या अक्षरांत छापली होती. या बारा चित्रांची दिनदर्शिका काढावयाची असून तीस आम्ही चार शब्दांची प्रस्तावना द्यावी, अशी सोबतच्या पत्रात विनंती होती. आम्ही ती नाकारली. स्नेही दुखावले. ‘तरुणांच्या उत्साहावर पाणी ओतणे हाच का वडीलकीचा धर्म?’ असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खासगी पत्रात न देता येथे देण्याचे कारण इतकेच की, हा नाद आता एका घरापुरता राहिलेला नाही. सकाळी मोबाइल उघडावा, तो धुक्यातला डोंगर आणि त्यावर कवितेची एक ओळ दत्त म्हणून उभी! ज्या घरांत कवितेवर प्रेम आहे त्याच घरांतून ही चित्रे निघतात, म्हणून आमचे गाऱ्हाणेही त्याच घरांपुढे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कवींच्या निवडीबद्दल आमची यत्किंचितही तक्रार नाही. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात मोडत असले, तरी बोलीने आणि पाण्याने ते खानदेशाशी बांधलेले आहे. आसपासच्या खेड्यांत अहिराणी बोलली जाते. आणि कळवणच्या डोंगरांत उगम पावलेली गिरणा मालेगावाजवळ मोसमेला पोटात घेऊन जळगावच्या मुलखात उतरते व पुढे तापीला मिळते. त्याच मुलखात धरणगावी १८९० साली बालकवी जन्मले आणि असोदे येथे १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. एकाला १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनाने ‘बालकवी’ ही पदवी दिली; दुसरीला अक्षरओळखही नव्हती. मालेगावच्या मुलाने या जोडीवर जीव टाकावा, हे स्वाभाविक आहे आणि गोडही आहे. आमचे म्हणणे निराळेच आहे. ज्यांच्यावर आपण जीव टाकतो त्यांचे बोलणे पुरते ऐकून घ्यावयाचे असते, त्यांचे वाक्य मध्येच तोडावयाचे नसते.

‘औदुंबर’चीच गोष्ट घ्या. संग्रहातील पहिले चित्र त्याचेच होते: दोन्ही तीरांवर दाट हिरवळ, मध्ये पाण्याचा निळसर पट्टा, आणि खाली त्या कवितेची पहिली ओळ. चित्र रम्य होते आणि ओळ रम्य आहे. मग बिघडले कोठे? बिघडले ते असे. ती कविता सगळी आठ ओळींची. हिरवे तीर, निळा प्रवाह, पलीकडचे लहानगे गाव, शेतमळे आणि त्यांतून निघालेली पांढरी पायवाट, हे सगळे वाचकाला एकेक पाऊल पुढे नेते. आणि ही वाट त्याला अखेर कोठे नेऊन सोडते? काळ्या डोहापाशी! तेथे पाण्यावर सावली पसरलेली आहे आणि एक झाड पाय बुडवून बसलेले आहे. त्या झाडाचा अर्थ काय, यावर टीकाकारांनी आजवर पुष्कळ लिहिले. कोणाला त्यात विरक्ती दिसली, कोणाला उदासीनता, कोणाला निखळ चित्र. अर्थ कोणताही घ्या, डोह वगळून औदुंबर नाही एवढे तरी सर्वांस मान्य व्हावे. हिरव्या कुरणातच वाचकाला थांबवून ‘पाहा, किती सुंदर!’ असे म्हणणे म्हणजे वाटसरूला अर्ध्या वाटेवर गाडीतून उतरवून गाव आल्याची थाप मारण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सहाव्या चित्रात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती, आणि एका घरट्याला बिलगून, चोचीत गवताची काडी धरून, पिवळ्या डोक्याचा एक पक्षी विणण्यात गर्क होता. खाली बहिणाबाईंच्या सुप्रसिद्ध गाण्याची पहिली ओळ होती. त्या गाण्यातील पाखरू मादी आहे. पिलांसाठी झाडाला जीव टांगणारी आई आहे. चित्रातील पक्षी मात्र नर होता! पक्षिशास्त्र जाणणारा कोणीही सांगेल की विणीच्या हंगामात पिवळी टोपी नराच्या डोक्यावर चढते, आणि घरटे विणण्याचे मुख्य कामही तोच करतो. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन पारखते. तिच्या पसंतीस उतरले तर नर ते पुरे करतो आणि ती आतली गादी तयार करते. न उतरले तर बिचारा दुसरे घरटे विणावयास घेतो.

येथे कोणी म्हणेल, ‘मग काय बहिणाबाई चुकल्या?’ आम्ही तसे म्हणत नाही. त्यांनी पक्ष्याच्या निमित्ताने आईपण गायिले, आणि ते गाणे तेथेही थांबत नाही. शेवटी ते पाखराची इवली चोच दाखवून माणसाकडे वळते आणि त्याच्या हातांची व बोटांची त्याला आठवण करून देते. गाण्याचा सगळा रोख त्या शेवटच्या वळणात आहे. एवढ्याशा चोचीने हे होते, तर तुझ्या हातून काय व्हावयास हवे, असा तो सवाल आहे. आता मालेगाव म्हणजे विणकरांचे गाव. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे माग मांडले, आणि आज गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट चालतो. त्या गावच्या तरुणाने विणणाऱ्या पक्ष्याचे चित्र काढावे, त्याखाली विणणाऱ्या पाखराचे गाणे घालावे, आणि विणणाऱ्या बोटांविषयीचा सवाल तेवढा गाळावा, याला काय म्हणावे? ओळ हाताशी तयार असल्यामुळे त्याने पक्षी नीट पाहिला नाही. आणि पक्षी हाताशी असल्यामुळे गाणे शेवटपर्यंत ऐकले नाही. जोडीचा लाभ व्हावयाचा तो राहिला बाजूला, दोहोंनी मिळून त्याच्या डोळ्यांवर झापडेच बांधली!

या पद्धतीचे कैवारी तीन मुद्दे मांडतात. पहिला असा की, अशाने कविता घरोघरी पोहोचते. बहिणाबाईंचीच कविता घरोघरी कशी पोहोचली ते पाहू. दळताना, शेतात खपताना त्यांनी रचलेली गाणी सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने निघाली. आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर ती गाइली गेल्यावर वाचता न येणाऱ्यांच्याही तोंडी बसली. त्या वाटेने माणसाच्या पदरात गाणे पडले, चालीसकट पडले. चित्राखालची ओळ वाचणाऱ्याला मात्र पुढचे कडवे आठवत नाही, आणि आठवण्याची गरजही वाटत नाही, कारण समोर चित्र असल्यामुळे सगळे समजल्याचे समाधान त्याला आधीच मिळालेले असते.

दुसरा मुद्दा आमच्या स्नेह्यांनी स्वतःच काढला, आणि तो मालेगावकराला शोभणारा आहे. त्या गावी उर्दू मुशायऱ्यांची मोठी परंपरा आहे. ‘तेथे एकट्या शेरावर सभा डोलते, मग एकट्या ओळीवर आम्ही का डोलू नये?’ असे ते विचारतात. उत्तर सोपे आहे. शेर हा मुळातच एकट्याने उभा राहण्यासाठी घडविलेला असतो. दोन ओळींत त्याचा प्रश्न आणि त्याचा तडाखा, दोन्ही पुरे होतात. गझलेतील शेर म्हणजे माळेतील मणी. सुटा केला तरी मणीच राहतो. बालकवींची ओळ म्हणजे झाडाची फांदी. ती तोडून फुलदाणीत ठेवता येते, पण तिला झाड म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा निरुपद्रवीपणाचा. ‘एका हौशी पोराच्या छंदाने कोणाचे काय नुकसान होते?’ या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या लिफाफ्यातच सापडले. बाराव्या चित्रात मोसमेचे संथ पाणी होते, पाण्यात किल्ल्याची सावली पडली होती, आणि खाली बालकवींच्या निर्झराची एक ओळ होती. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास उभारावयास घेतलेला आणि १८१८ साली इंग्रजांच्या वेढ्याला तोंड दिलेला तो भुईकोट. आम्ही त्या काठावर अनेकदा उभे राहिलो आहोत. शहराचे सांडपाणी त्या पात्रात येते, आणि काठाला साचलेला कचरा व वास पाहुण्यालाही जाणवतो. चित्रात त्याचा मागमूस नव्हता. आम्ही विचारले, तेव्हा चिरंजीवांनी प्रांजळपणे सांगितले की, डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग आला होता. ओळीशी विसंगत दिसतो म्हणून तो कापून टाकला.

वाचकहो, आमचा सगळा वाद या एका उत्तरात सामावला आहे. ज्या कात्रीने कवितेतला काळा डोह कापला, त्याच कात्रीने नदीतला काळा डोह कापला. ओळ गोड, म्हणून चित्र गोड केले. चित्र गोड, म्हणून कवितेचा गोड तेवढाच भाग घेतला. आणि या दोहोंच्या मध्ये खरी मोसम कोणाच्याच दृष्टीस पडली नाही. बाराही महिने भिंतीवर हसणारी नदी टांगून ठेवणाऱ्या घराला दारापुढच्या आजारी नदीची आठवण कोण करून देणार? छंद निरुपद्रवी खरा. पण एखादे गाव आपल्या नदीकडे पाहण्याचे ज्या सवयीमुळे सोडून देते, ती सवय निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

चित्र आणि शब्द यांचा विवाहच निषिद्ध, असे आमचे मत नाही. आपल्याकडे रागमालेची चित्रे आहेत. त्यांतील अनेकांच्या माथ्यावर पद्य लिहिलेले असते. पण तेथे चित्रकार आणि पद्यकार, दोघेही राग नावाच्या तिसऱ्याच वस्तूच्या शोधात निघालेले असतात. एक दुसऱ्याचा हुजऱ्या नसतो. अमेरिकेत १९६२ साली एलियट पोर्टर या छायाचित्रकाराने थोरोच्या लेखनातील उताऱ्यांसमोर आपली रंगीत निसर्गचित्रे ठेवून एक ग्रंथ सिद्ध केला, आणि सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने तो प्रसिद्ध केला. त्यामागे कित्येक वर्षांची पायपीट आणि तितकेच वाचन होते; आणि ज्या रानाची ती चित्रे, ते राखण्याची कळकळही होती. तेथे लेखकाने छायाचित्रकाराला अधिक बारकाईने पाहावयास लावले. जोडीची कसोटी हीच. शब्दांमुळे डोळा अधिक उघडला, तर जोडी जमली. मिटला, तर मोडली.

तेव्हा आमच्या तरुण मित्राला प्रस्तावनेऐवजी आम्ही ही सूचना देतो. दिनदर्शिका अवश्य काढा. चित्र कोणत्या गावचे, कोणत्या दिवशीचे, त्यात पक्षी वा झाड कोणते, हे खाली साध्या शब्दांत लिहा. कविता द्यावयाची तर प्रकाशकाची परवानगी काढून सबंध द्या. तेवढी जागा नसेल तर कवितेचे नाव द्या, वाचक पुस्तक उघडील. सुगरणीच्या चित्राशेजारी मागावर चालणाऱ्या हातांचे चित्र ठेवा, म्हणजे बहिणाबाईंचा सवाल शब्दावाचून विचारला जाईल. आणि मोसमेचे ते मूळ चित्र कपाटातून काढून, डाव्या कोपऱ्यासह, छापा. ‘औदुंबर’ त्याच्यासमोर आठही ओळींनिशी ठेवा. कवीच्या डोहाचा काळेपणा आणि आपण केलेला काळेपणा यांत काय अंतर आहे, ते मग पाहणारा आपले आपण ताडील.

असे झाले, तर आम्ही चारच काय, चाळीस शब्द लिहून देऊ, आणि आमच्या भिंतीवर पहिली प्रत लावू.