फवारणीआधी रक्ताचा एक थेंब

कपाशीला पात्या धरल्या आणि सोयाबीन फुलोऱ्यात आले की नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात औषध मारणाऱ्या मजुरांना उसंत नसते. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात जायचे. पंपाच्या झाकणातून पाझरलेले द्रावण शर्टातून पाठीवर उतरते आणि छातीएवढ्या कपाशीतला फवारा वाऱ्याने तोंडावर येतो. संध्याकाळी डोके गरगरते, मळमळते, तोंडाला पाणी सुटते. घरात कुणी म्हणते ऊन लागले, कुणी म्हणते औषध लागले. लिंबूपाणी पिऊन माणूस झोपतो आणि सकाळी पुन्हा पंप उचलतो, कारण ऐन हंगाम दीड-दोन महिन्यांचा आणि मजुरी रोजची. त्याच्या अंगात विष किती भिनले आहे हे सांगणारे साधन त्याच्या गावात नाही. ते असायला हवे आणि आणता येण्यासारखे आहे, हे आम्ही आज आग्रहाने मांडत आहोत.

पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. 2017 च्या खरिपात त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर बंदीची शिफारस झाली. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करण्याची सोय जिल्ह्याच्या मुख्यालयातही नव्हती, हेही तेव्हाच उघड झाले. केंद्राने 2023 मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. पण प्रोफेनोफॉस आहे, क्लोरपायरीफॉस आहे. एका कुळातले एक औषध गेले तरी त्याची भावंडे कृषी सेवा केंद्राच्या फळीवर उभी आहेत.

हे कूळ ऑर्गॅनोफॉस्फेटचे. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत, आणि निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर करते. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकराला जखडून टाकते. मग निरोप थांबत नाहीत. घाम आणि लाळ वाहते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो. फवारणाऱ्याच्या बाबतीत घातक गोष्ट पुढची आहे. तांबड्या पेशींमधले हे विकर एकदा मारले गेले की नव्या पेशी तयार होतील तसेच भरून येते, त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. रोज थोडे औषध अंगात गेले तर साठा रोज थोडा खाली जातो आणि बराच खाली जाईपर्यंत माणसाला फारसे काही जाणवत नाही. दहा दिवस धडधाकट दिसणारा गडी अकराव्या दिवशी बांधावर कोसळतो, त्याचे कारण त्या मागच्या दहा दिवसांत असते.

ही घसरण मोजता येते. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि हातात मावणाऱ्या यंत्राच्या नळीत टाकायचा. विकर जिवंत असेल तर द्रावण पिवळे होत जाते. जितका पिवळेपणा कमी, तितके विकर जास्त मेलेले. एल्मन यांनी 1961 मध्ये मांडलेली ही पद्धत आज बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात बसली आहे आणि उत्तर काही मिनिटांत मिळते.

सैन्याला या विद्येचे मोल केव्हाच कळले आहे, कारण सारिनसारखे युद्धातले विषारी वायू याच कुळातले. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 1995 मध्ये जे सोडले गेले ते सारिनच. अशा वायूंची चाहूल देणारी 223 स्वयंचलित यंत्रे लष्कर आणि हवाई दलासाठी घेण्याचा 80 कोटी 43 लाख रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये केला. त्यामागचे संशोधन ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचे, आणि देशाला त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. पण या देशात या कुळातल्या विषाशी रोज गाठ पडते ती शेतमजुराची, आणि त्याच्यासाठी असा एकही करार झालेला नाही.

ग्वाल्हेरची वाट गावापर्यंत येतच नाही असे नाही. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी घातलेली छोटी बाटली वापरतात. पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवायची, पाणी काळे झाले तर ते पिण्याजोगे नाही. ही चाचणी त्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये जगापुढे मांडली. जलजीवन मिशनमध्ये तर गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना झाली. वीज आणि प्रयोगशाळा नसतानाही घरातल्या बाईला उमजेल असे उत्तर ती बाटली देते. विषबाधेच्या यंत्राकडून आमची अपेक्षा याच जातीची आहे.

मात्र यंत्र आणून कपाटात ठेवले तर काही साधणार नाही. निरोगी माणसांतही कोलिनेस्टरेजचे प्रमाण एकाचे कमी, दुसऱ्याचे खूप जास्त असते. आजारी पडल्यावर काढलेला एकटा आकडा म्हणूनच फारसे बोलत नाही, त्याच माणसाचा फवारणीआधीचा आकडा शेजारी लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1974 पासून हे नियमात बसवले आहे. महिन्यात सहा दिवसांहून जास्त अशी औषधे हाताळणाऱ्याचा आधी मूळ आकडा नोंदवायचा, हंगामात पुन्हा रक्त तपासायचे, आकडा मूळ आकड्याच्या 80 टक्क्यांच्या खाली गेला की कामाची पद्धत तपासायची, आणि तांबड्या पेशींतले विकर 70 टक्क्यांवर आले की त्याला औषधापासून दूर करायचे. वॉशिंग्टन राज्याने 2004 मध्ये असाच नियम केला, आणि दूर केलेल्या मजुराची मजुरी बुडणार नाही हेही पाहिले. आपल्याकडे ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. रोजगार बुडणार असेल तर कोणता बाप बोट पुढे करील?

या यंत्राला मर्यादा आहेत. ते ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट पकडते. सायपरमेथ्रिन किंवा डायफेन्थियुरॉनची बाधा त्याला दिसत नाही, आणि आपल्याकडे तर एकाच पंपात दोन-तीन औषधे ओतण्याची रीत पडली आहे. तरीही विकर शाबूत असल्याचे उत्तर डॉक्टरला उपयोगी पडते, कारण या विषावर उतारा म्हणून दिले जाणारे ॲट्रोपिन गरजेपेक्षा जास्त दिले तर तेही घातक ठरते. उन्हाच्या तडाख्यात विकराची क्रिया बदलते, रसायने थंडाव्यात जपावी लागतात. मराठवाड्याच्या हवेत चुकणार नाही असे यंत्र मराठवाड्यातच घडवावे लागेल. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात संवेदकांवर काम करणारे प्रगत केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या चौघांना एका कामाला जुंपणे मुंबईत बसलेल्या सरकारला अवघड नाही.

खाण्यातल्या विषासाठीही अशी साधने लागतील. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडीला महाप्रसादानंतर दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. उपवासाच्या दिवसांत भगरीच्या पिठाने बाधा झाल्याच्या बातम्या तर दरवर्षीच्या. तो विषय स्वतंत्र आहे, पण गावात तपासता येईल असे काही हाताशी नसणे ही अडचण तीच.

आमची मागणी मोजकी आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, हिमायतनगर आणि उमरखेड या दोन तालुक्यांत, येत्या मृगापूर्वी औषध मारणाऱ्यांची गाववार यादी आशाताई आणि कृषी सहायकांनी मिळून करावी. प्रत्येकाचा मूळ आकडा एका कार्डावर लिहून कार्ड त्याच्याच हाती द्यावे. जुलै ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या गारव्यात रक्त तपासावे. ज्याचा आकडा घसरला त्याला रोजगार हमीवर दुसरे काम त्याच आठवड्यात मिळावे, आणि मजुरीतील फरक कीटकनाशक कंपन्यांकडून उभारलेल्या निधीतून द्यावा. हिवाळी अधिवेशनात या भागाच्या आमदारांनी त्या दोन तालुक्यांचे आकडे सभागृहात मागावेत.